स्क्रू नसलेला गज: १७व्या शतकातला व्हायोलिनचा बो घडवताना

व्हायोलिनची पेटी उघडली की नवशिक्याचा हात आधी बोच्या मागच्या बटणाकडे जातो. ते फिरवायचं, केस ताणायचे, वाजवून झालं की उलटं फिरवून सैल करायचे. १७व्या शतकातल्या बोला हे बटणच नव्हतं. केस किती ताणलेले राहणार, हे बनवणाऱ्यानं बनवतानाच ठरवून टाकलेलं असायचं. ते चुकलं की वाजवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नसे.

सारंगीच्या बाबतीत आपण गज म्हणतो, व्हायोलिनवाले बो म्हणतात. मी इथून पुढे गजच म्हणणार आहे. नाहीतर ‘बोला’, ‘बोचा’ असले शब्द लिहावे लागतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच बोलायला सांगतायत.

आधी कोणता गज ते ठरवा

‘बरोक’ म्हणजे साधारण १७व्या-१८व्या शतकातल्या संगीताचा काळ. ‘बरोक बो’ या नावानं बाजारात जे मिळतं ते बहुतेक वेळा १८व्या शतकाच्या मध्याच्या गजाची नक्कल असते: लांब दांडी, मागे स्क्रू. पण दीडशे-दोनशे वर्षांत गज कितीतरी बदलला. १७व्या शतकातले नाचाच्या संगीताचे गज आखूड होते. इटलीत सोनाटा (वाद्यासाठीच्या मोठ्या रचना) लिहिल्या-वाजवल्या जाऊ लागल्या तसे गज लांबत गेले. इटालियन व्हायोलिनवादक कोरेल्लीच्या ओपस ५ च्या, म्हणजे पाचव्या संचातल्या, सोनाटा १७०० साली छापल्या गेल्या. त्यातले लांब, गाणारे स्वर आखूड गजावर वाजवून पाहा, म्हणजे गज का लांबला ते कळेल. पुढे मॅनहाइमहून लंडनला गेलेल्या विल्हेल्म क्रॅमरच्या नावानं ओळखला जाणारा मधला नमुना आला. त्यानंतर १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा झाव्हिए तूर्तनं आज सगळीकडे दिसतो तो, आत वाकलेला गज पक्का केला. तूर्त आधी घड्याळाच्या कारागिरीत तयार झालेला माणूस. त्याच्या कामातली मापांची शिस्त पाहिली की ते पटतं.

१८व्या शतकाच्या अखेरीस मिशेल व्होल्देमार या फ्रेंच व्हायोलिनवादकानं आपल्या शिकवणीच्या पुस्तकात कोरेल्ली, तार्तिनी, क्रॅमर आणि व्हिओत्ती यांच्या नावांचे चार गज एकाखाली एक काढून दाखवले. तेव्हापासून लोक या इतिहासाकडे जिन्यासारखं बघतात: खालची पायरी कच्ची, वरची पक्की. मला हे अजिबात मान्य नाही. आखूड गजाचं टोक हलकं असतं, त्यामुळे खाली ओढलेला हात जड पडतो आणि वर ढकललेला हलका. नाचाच्या तालात मात्रेचा पहिला ठोका जड हवाच असतो. म्हणजे जो ‘दोष’ म्हणून सांगितला जातो तीच त्या गजाची कामाची बाजू.

धरण्याची पद्धतही वेगळी होती. गेओर्ग मुफात या संगीतकारानं १६९८ मध्ये लिहून ठेवलंय की फ्रेंच दरबारातल्या ल्युली या संगीतकाराच्या पद्धतीनं वाजवणारे फ्रेंच आणि बरेचसे जर्मन अंगठा केसांवर दाबून गज धरतात, इटालियन मात्र केसांना हात लावत नाहीत. व्हिओला दा गांबा हे पायांमध्ये धरायचं वाद्य वाजवणारे तर तळहात वर करून, बोटांनी केस दाबत वाजवायचे. आपल्याकडे सारंगिये तळहात वर करूनच गज धरतात, आणि राजस्थानातले भोपे रावणहत्थ्याचा गज बोटांनी केस ताणत वाजवतात. हे एकदा बघून घ्या. कुठलाही लेख वाचण्यापेक्षा त्यातून ताणाबद्दल जास्त समजेल.

एक सावधगिरी. ‘बाखचा गोल गज’ म्हणून धनुष्यासारखा फुगलेला एक प्रकार तुम्हाला कधीतरी दिसेल. चारही तारा एकदम वाजाव्यात म्हणून तो २०व्या शतकात घडवला गेला आणि आल्बर्ट श्वाइट्झरसारख्या मोठ्या माणसानं त्या कल्पनेची पाठराखण केली. बाखच्या काळात तसा गज असल्याचा पुरावा नाही. त्याच्या वाटेला जाऊ नका.

पहिल्या कामासाठी माझी शिफारस: १७व्या शतकातला आखूड, क्लिप-इन फ्रॉगचा गज. फ्रॉग म्हणजे हाताकडच्या टोकाला केस दांडीपासून उचलून धरणारा तुकडा; क्लिप-इन म्हणजे तो नुसता खोचायचा. लांबी साधारण ६४ सेंमी, वजन ३५ ते ४५ ग्रॅम. आजच्या व्हायोलिनचा गज ६० ग्रॅमच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. यात धातूचं काहीच काम नाही, म्हणून हत्यारंही कमी लागतात: बारीक दातांची करवत, लहान रंधा, ३ आणि ६ मिमीच्या पटाश्या, दोन-तीन कानशी, व्हर्नियर, गुण्या, धारदार सुरी. आणि निसणा. बोथट पटाशीनं गजाची चोच, म्हणजे पुढचं टोक, फोडण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नसेल.

लाकूड

त्या काळचा मानाचा दगड म्हणजे स्नेकवूड. दगड म्हणतोय ते थट्टेनं नाही. दक्षिण अमेरिकेत सुरिनाम-गयानाकडे होणारं हे लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं. अंगावर सापाच्या कातडीसारखे ठिपके. घनता इतकी की दांडी बारीक ठेवूनही ताठ राहते. मात्र सुकताना ते तडकतं, महाग आहे, आणि त्याची धूळ नाकाघशाला त्रास देते, मास्क हवाच. पहिल्या गजासाठी ते आणू नका.

तूर्तच्या काळापासूनचं लाकूड म्हणजे पर्नाम्बुको. त्याची गोष्ट आपल्या दाराशी येते. आशियातून युरोपात लाल रंगासाठी पतंगाचं लाकूड जायचं आणि तिकडे त्याला ‘ब्राझील’च्या जवळपासचं नाव होतं. पोर्तुगिजांना अटलांटिकपलीकडे त्याच्यासारखंच लाल रंग देणारं झाड सापडलं, त्याला तेच नाव चिकटलं आणि पुढे देशालाही. रंगासाठी बेसुमार तोड झाली. २००७ पासून हे लाकूड साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या १७व्या शतकातल्या गजाला ते तसंही शोभत नाही.

शिकण्यासाठी आपल्याकडचा धावडा घ्या. कुऱ्हाडीचे दांडे आणि बैलगाडीचे आस ज्याचे होतात ते लाकूड चिवट असतं आणि वाकवून सोडलं की परत येतं. युरोपातही साध्या गजांना हाताशी असलेलं टणक लाकूड चालायचं, तेव्हा यात पाप नाही. साग नको, तो इतक्या बारीक मापाला पुरेसा ताठ राहत नाही. वखारीतल्या नव्या फळीपेक्षा मोडलेल्या जुन्या अवजाराचा मुरलेला तुकडा केव्हाही बरा.

निवडताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. लाकडाचे तंतू तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेले पाहिजेत. ते मध्येच तिरके होऊन बाजूनं बाहेर पडत असतील तर दांडी तिथेच तुटणार. खात्री करायची तर कापू नका, फोडा. पाचर ठोकून लाकूड फोडलं की ते स्वतःच्या तंतूंनी फाटतं आणि खरी दिशा दाखवतं. माझी पहिली दांडी मी सरळ दिसणाऱ्या फळीतून करवतीनं काढली होती. तीन आठवडे घासून, गुळगुळीत करून, केस लावताना ती चोचीपाशी काडीसारखी मोडली. तुटलेल्या जागी तंतू चक्क तिरपे होते. करवतीनं ते झाकले होते, मी पाहिले नव्हते.

६८ सेंमी लांब, १२ मिमी रुंद आणि चोचीच्या बाजूला २० मिमी उंच असा तुकडा तयार करा. तंतूंच्या वर्तुळरेषा उभ्या आल्या तर उत्तम.

चोच आणि दांडी

आजच्या गजाचं टोक उंच, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं असतं. आपल्या गजाचं टोक बसकं, पुढे निमुळतं, पक्ष्याच्या चोचीसारखं. पुठ्ठ्यावर तिचा आकार काढा, कापा, लाकडावर ठेवून रेघ मारा. नमुन्यासाठी संग्रहालयांचे फोटो वापरा. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये हिल घराण्यानं दिलेल्या संग्रहात जुने गज आहेत. त्या काळची चित्रंही बघा, पण चित्रावरून माप घेऊ नका. चित्रकार मॉडेलच्या हातातला गज सुंदर दिसेल तसा काढतो, व्हर्नियर लावून नाही.

चोच आधी ओबडधोबड कापून ठेवा, कोरीवकाम शेवटी. आता दांडी. आधी चौकोनी रंधून घ्या: फ्रॉगच्या बाजूला ९.५ मिमी, चोचीकडे ७ मिमी, मध्ये सलग निमुळती. चारही बाजू गुण्यानं तपासा. मग अष्टकोन. प्रत्येक बाजूचे मनात २४ भाग करा आणि ७, १०, ७ अशा रेघा मारा. ९.५ मिमीच्या बाजूवर कडेपासून पावणेतीन मिमीवर रेघ येते. कोपरे त्या रेघांपर्यंत रंध्यानं उतरवले की आठ सारख्या बाजू मिळतात. पुढे त्या आठच्या सोळा करा, मग गोल. काही जुन्या दांड्यांवर लांबीच्या दिशेनं पन्हाळीसारखे खोबण काढलेले असतात. पहिल्या खेपेला तो मोह टाळा.

शेवटची मापं फ्रॉगपाशी साडेआठ आणि चोचीमागे सहा मिमीच्या आसपास येतील. ‘आसपास’ म्हणतोय कारण इथे पुस्तकी माप चालत नाही. १९व्या शतकात व्हियोम या फ्रेंच व्हायोलिन-कारागिरानं तूर्तच्या दांड्या मोजून त्यांच्या निमुळतेपणाचं गणिती सूत्र मांडलं होतं. ते तूर्तच्या गजापुरतं ठीक. तुमच्या हातातला धावड्याचा तुकडा त्यानं मोजला नव्हता. दर चार-पाच रंध्यांनंतर दांडीची दोन टोकं दोन हातांत धरून किंचित वाकवा. वाक मध्यावर येतो की एकाच जागी गोळा होतो? जिथे जास्त वाकते तिथे हात लावू नका, जिथे ताठ आहे तिथून काढा. आडवीही वाकवून बघा. आडवी लुळी दांडी तारेवर ठेवली की बाजूला पळते. रंध्याच्या खुणा फुटक्या काचेच्या कडेनं खरवडून घालवा, पॉलिश पेपर सर्वांत शेवटी.

वाक

आधुनिक गज केसांच्या दिशेनं आत वाकवलेला असतो. आपला जवळजवळ सरळ राहतो आणि केस ताणले की किंचित बाहेर फुगतो. म्हणजे उष्णतेनं मुद्दाम वाकवायचं काम फार नाही, पण रंधताना दांडी कुठेतरी वळतेच. स्पिरिटच्या दिव्यावर किंवा हॉट एअर गननं ती जागा फिरवत-फिरवत तापवा, हात ठेववणार नाही इतकी गरम झाली की हव्या त्या दिशेला वाकवून पूर्ण गार होईपर्यंत धरून ठेवा. घाईनं सोडली तर परत जाईल, काळजी न घेता तापवली तर जळेल. मग एक डोळा मिटून चोचीकडून फ्रॉगकडे नेम धरून बघा.

फ्रॉग

इंग्रजीत याला बेडूक म्हणतात आणि जर्मनमध्येही बेडूकच. फ्रेंच लोक ‘वर उचलणारा’ अशा अर्थाचा शब्द वापरतात, इटालियन ‘टाच’ म्हणतात. कामाच्या दृष्टीनं फ्रेंच नाव सगळ्यांत खरं. क्लिप-इन गजात फ्रॉग केस धरत नाही, फक्त त्यांना दांडीपासून उचलून धरतो. केसांची दोन्ही टोकं दांडीतच अडकवलेली असतात, एक चोचीत आणि एक दांडीच्या मागच्या टोकाजवळ. फ्रॉग काढला की केस सैल लोंबतात, दांडी आणि केसांमध्ये खोचला की सगळा ताण एका ‘खट’मध्ये येतो.

त्यासाठी साडेचार सेंमी लांब आणि मागे १२-१३ मिमी उंच असा लाकडी तुकडा कोरा. आबनूस किंवा दांडीचंच लाकूड. हाडही चालतं. मिरजेत जवारीच्या घोड्या बनवणाऱ्यांकडे हाडाचे, आबनुसाचे तुकडे पडलेले असतात, गोड बोलून मिळतात. जुन्या गजांत हस्तिदंत दिसतो, त्याचा विषयही काढू नका, भारतात त्याचा व्यापार बेकायदा आहे. फ्रॉगची वरची बाजू दांडीच्या गोलाईवर चपखल बसेल अशी पन्हाळ करा. दांडीच्या खालच्या अंगाला उथळ खाच आणि फ्रॉगच्या पाठीवर त्यात बसणारा दात, एवढीच त्याची कडी. केस जिथून वळतात ती कड गोल करा, नाहीतर केस तिथेच तुटत राहतील.

खाचा, पाचरी आणि केस

सगळं अवघड काम इथे आहे.

चोचीच्या खाली एक चौकोनी खाच कोरा: ५ मिमी रुंद, ८ मिमी लांब, ५ मिमी खोल. तोंडापेक्षा तळ किंचित मोठा हवा, म्हणजे आत बसलेली पाचर वर निघत नाही. तशीच दुसरी दांडीच्या मागच्या टोकापासून सेंटिमीटरभर आत. चोचीजवळ लाकूड आखूड तंतूंचं असतं. पटाशीला हातोडी लावू नका, हाताच्या दाबानं पापुद्रे काढा.

केस घोड्याच्या शेपटीचे, लांब आणि न तुटलेले, व्हायोलिनचं सामान विकणाऱ्यांकडे जुडी मिळते. आजच्या गजात १५० च्या पुढे केस असतात, या अरुंद गजाला ८० ते १०० पुरतात. एका टोकाला मेण लावलेला मजबूत दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारा, बाहेरची टोकं कापा, त्यांवर राळेची पूड टाकून तापलेल्या सुरीचं पातं लावा. केसांची टोकं फुगतात, राळ वितळून सगळं एकजीव होतं आणि गाठ सुटत नाही. ही गाठ चोचीच्या खाचेत घाला, केस तिच्यावरून बाहेर वळवा आणि मऊ लाकडाची पाचर बसवा. डिंक, फेव्हिकॉल काही लावायचं नाही. पाचर केवळ मापानं बसली पाहिजे, कारण केस झिजल्यावर ती काढायची आहे.

आता केसांची लांबी. स्क्रूच्या गजात दोन-तीन मिमी इकडेतिकडे झालं तर बटण सांभाळून घेतं. इथे तेवढ्यानं गज निकामी होतो. मी करतो ते असं. केसांऐवजी आधी न ताणला जाणारा जाड दोरा त्याच वाटेनं बसवतो, फ्रॉग खोचतो आणि दोरा जिथे नुसता ताठ होतो तिथे खूण करतो. मग केस पाण्यानं ओले करून, बारीक कंगव्यानं सरळ विंचरून, त्या खुणेपाशी दुसरी गाठ बांधतो. ओले केस लांबलेले असतात, वाळले की आखडतात. म्हणून ओले असताना फ्रॉग बोटाच्या हलक्या दाबानं आत गेला पाहिजे. रात्रभर वाळू द्या. सकाळी तो खोचायला अंगठ्याचा जोर लागला, खट वाजलं आणि मध्यावर दांडी व केसांच्या मधून करंगळीचं टोक सरकलं, तर जमलं. अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागत असेल तर थांबा, पुन्हा गाठ बांधा. चोच मोडण्यापेक्षा गाठ वाया गेलेली परवडते. माझ्या पहिल्या चार गाठी वाया गेल्या होत्या, पाचवी बसली.

पाऊस

मुंबई-कोकणात जुलैमध्ये केस ओलावा पिऊन लांबतात आणि तोच गज लुळा पडतो. एप्रिलमध्ये पुण्यात तोच गज इतका आवळतो की फ्रॉग हातानं बसेना. युरोपातल्यांनाही हा ताप होताच. पावसाळ्यात फ्रॉग आणि केसांच्या मध्ये कागदाची किंवा पातळ चामड्याची पट्टी सरकवायची, एक पुरली नाही तर दोन. मी जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे वापरतो, जाडी अगदी योग्य असते. १७व्या शतकाच्या अखेरीस स्क्रू येऊ लागला तो याच कटकटीमुळे, असं वाटल्याशिवाय राहत नाही. मधल्या टप्प्यात दात्यांची पट्टी आणि तारेचा कडा अशी एक युक्तीही होती, गरज असेल त्या दातावर कडा अडकवायचा. शक्य असेल तर दोन फ्रॉग कोरून ठेवा, एक मिलिमीटरभर कमी उंचीचा, उन्हाळ्यासाठी.

शेवटचा हात

आता चोच बारीक सुरीनं आणि कानशीनं तिच्या खऱ्या आकारात आणा. हे आधी केलं तर केस लावताना ती निसटत्या हाताखाली दुखावते. दांडीला जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस सुकू द्या. हवं तर वर चपड्या लाखेचं पातळ पॉलिश. केसांना तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नका, एकदा तेलकट झालेले केस तार पकडत नाहीत. नव्या केसांना राळ भरपूर लागते. पहिल्या दिवशी आवाजच येत नाही म्हणून घाबरू नका, घासत राहा.

वाजवताना स्टीलच्या तारेवर तपासू नका. हा गज आतड्याच्या तारेसाठी जन्मला. स्वराची सुरुवात एकदम घट्ट मिळणार नाही. प्रसिद्ध मोत्सार्टच्या वडिलांनी, लेओपोल्ड मोत्सार्टनं, १७५६ मध्येच लिहिलंय की जोरातल्या जोरात काढलेल्या स्वराच्याही आरंभी थोडीशी मृदुता असतेच. आधुनिक गजाच्या सवयीचा हात तिथे दाबायला जातो आणि केस दांडीला टेकतात. दाबू नका, आखूड ओढ घ्या, हात सोडून द्या, प्रत्येक स्वर स्वतःहून विरू द्या. अंगठा केसांवर ठेवून एखादी सोपी मिन्युएट, म्हणजे नाचाची धून, वाजवा. दोन दिवसांत मनगटाला कळतं.

वाजवून झालं की फ्रॉग काढून ठेवा. तो एवढासा लाकडी तुकडा हरवायला फार वेळ लागत नाही, मी दोनदा हरवलाय. आता तो राळेच्या डबीत असतो.